फितीवरची प्रत : टेप ड्राइव्ह, स्कझी बस आणि उल्हास नदीचे खोरे

१/
१९९०च्या दशकातील महाराष्ट्रातली एखादी बँकशाखा डोळ्यांसमोर आणा. ग्राहक केव्हाच गेले आहेत, रोकड जुळली आहे, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांच्या खिशात गेल्या आहेत. तरीही एक अधिकारी थांबलेला आहे. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी अशी एक प्लास्टिकची डबी तो संगणकाला जोडलेल्या यंत्रात सरकवतो, एक आज्ञा टंकतो आणि यंत्राच्या घरघरीकडे कान लावून बसतो. त्या दिवशीची प्रत्येक जमा, प्रत्येक नावे आता त्या डबीतील चुंबकीय फितीवर उतरत असते.

२/
आजचा धागा या डबीविषयी, तिच्या यंत्राविषयी आणि मुख्यत्वे त्या यंत्राला संगणकाशी जोडणाऱ्या पन्नास तारांच्या पट्टीविषयी आहे. यात राजे नाहीत, लढायाही नाहीत. पण हा इतिहास आपण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात उभे राहून पाहणार आहोत. कारण मूळ दस्तऐवज हातून जाणे म्हणजे काय, हे या पट्ट्याला फार जवळून ठाऊक आहे. एकदा ते फाळणीमुळे कळले, पुन्हा एकदा पुरामुळे.

३/
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्या रिकाम्या बराकींमध्ये आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील पत्ता ‘कॅम्प नंबर ३’, ‘कॅम्प नंबर ५’ असाच सांगितला जातो.

४/
या माणसांची घरे, दुकाने, जमिनी सीमेपलीकडे राहिल्या. त्यांच्या नोंदीही तेथील दप्तरांतच राहिल्या. १९५० साली विस्थापितांच्या दाव्यांसंबंधी कायदा झाला, १९५४ साली नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा झाला. तिकडे काय सोडून आलो हे आता इकडे सिद्ध करायचे होते. घाईघाईत निघताना ज्याने दागिन्यांबरोबर एखादे खरेदीखतही उचलले होते, त्याचे बोलणे आणि ज्याच्याकडे केवळ स्मरण होते त्याचे बोलणे, यांचे वजन सारखे कसे असेल? नोंद जेथे राहते तेथेच तिची प्रत राहिली, तर त्या प्रतीचा उपयोग नाही. संगणकशास्त्रात हे सूत्र पुढे पाठ्यपुस्तकात आले. या नगराच्या पहिल्या पिढीने ते जगून पाहिले होते.

५/
थोडे आडवळण. अंबरनाथचे शिवमंदिर आपण सर्वांनी पाहिले असेल, निदान छायाचित्रात. तेथील शिलाहारकालीन शिलालेखातील शकाचा आकडा डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असा वाचला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असा वाचला, आणि आज इ. स. १०६० हा काळ सर्वमान्य आहे. झिजलेल्या दगडावरील एका अंकाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी मागेपुढे होत होते. दगडाला दुसरी प्रत नव्हती, आणि अंक चुकीचा वाचला गेला हे सांगणारी कोणतीही खूण नव्हती. ही खूण संगणकाच्या फितीवर मात्र पहिल्यापासून होती.

६/
१९५१च्या युनिव्हॅक संगणकाबरोबर युनिसर्व्हो ही टेप यंत्रणा आली. तिची फीत धातूची होती. पुढच्याच वर्षी आयबीएमने ७२६ हे यंत्र आणले. त्याची फीत प्लास्टिकची, अर्धा इंच रुंद. तिच्यावर सात समांतर पट्टे असत. सहा पट्ट्यांवर माहिती आणि सातव्यावर तपासणीचा बिट, ज्याला पॅरिटी म्हणतात. सहांमध्ये ‘१’ किती आले हे पाहून सातवा बिट असा भरायचा की एकूण संख्या ठरल्याप्रमाणे सम किंवा विषम यावी. वाचताना एखादा बिट उलटला तर हिशेब जुळत नाही आणि यंत्र ओरडते. १९६४ साली आयबीएमच्या सिस्टिम ३६० बरोबर पट्टे नऊ झाले : आठ माहितीचे, एक साक्षीदाराचा.

७/
त्याच १९६४ साली मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. बँकांना आणि विमा कंपन्यांनाही अशी यंत्रे हवी होती, परंतु कर्मचाऱ्यांच्या मनात नोकऱ्या जाण्याचे भय होते. ते निराधार नव्हते. विमा महामंडळाच्या संगणकाला कोलकात्यात झालेला विरोध प्रसिद्धच आहे. केंद्र सरकारने १९६९ साली स्वयंचलन समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांमध्ये यंत्रांना खऱ्या अर्थाने वाट मिळाली ती १९८३च्या द्विपक्षीय करारानंतर. पाठोपाठ सी. रंगराजन यांच्या समितीचे अहवाल आले, पहिला १९८४ साली आणि दुसरा १९८९ साली.

८/
दुसऱ्या अहवालानंतर चित्र पालटू लागले. खतावणीचे एखाद-दुसरे यंत्र बाजूला पडून संपूर्ण शाखाच संगणकावर घेण्याचा विचार पुढे आला. १९९८ साली केंद्रीय दक्षता आयोगाने सरकारी बँकांना फर्मावले की १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवहार संगणकावर आले पाहिजेत. लक्षात घ्या, तेव्हा शाखा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. शाखेच्या मागच्या खोलीतील एक युनिक्स सर्व्हर, काउंटरवरची टर्मिनले, आणि त्या सर्व्हरच्या पोटातील एक हार्ड डिस्क. शाखेतील प्रत्येक खात्याचे सत्य त्या एकाच डिस्कवर.

९/
लेजरांचे दिवस निराळे होते. लेजर भिजे, उंदीर कुरतडत, पण वीस लेजर एकाच क्षणी नाहीसे होत नसत. डिस्क मात्र एका क्षणात जाते. त्यामुळे बँकेच्या दृष्टीने टेप ड्राइव्ह ही चैन नव्हती. संगणक आणण्याची ती अटच होती. आणि हा टेप ड्राइव्ह संगणकाला जोडायचा कशाने? येथे आपल्या कथेचा खरा नायक येतो.

१०/
अमेरिकेतील शुगार्ट असोसिएट्स ही फ्लॉपी ड्राइव्ह बनविणारी कंपनी. १९७९च्या सुमारास तेथे लॅरी बाउचर यांच्या नेतृत्वाखाली एक नवी जोडणी आकाराला आली. तोपर्यंत संगणकाला प्रत्येक डिस्कची आतली रचना ठाऊक असावी लागे : किती चकत्या, किती वर्तुळे, डोके कोठे हलवायचे. बाउचर यांच्या पथकाने हे ओझे डिस्कवरच टाकले. संगणकाने फक्त सांगायचे, ‘अमुक क्रमांकाचा ठोकळा दे.’ बाकीचे यंत्र पाहील. या जोडणीचे पहिले नाव सासी. तिचा तपशील १९८१ साली जाहीर झाला, आणि अमेरिकी मानक संस्थेने सुधारून १९८६ साली स्वीकारल्यावर ती झाली स्कझी. बाउचर तोवर बाहेर पडले होते. स्कझी कार्डांसाठी पुढे घराघरांत गेलेली अ‍ॅडॅप्टेक ही कंपनी त्यांनीच १९८१ साली काढली.

११/
संगणकातील ‘बस’ आणि रस्त्यावरची बस हा एकच शब्द आहे. लॅटिन ‘ऑम्निबस’, म्हणजे सर्वांसाठी. स्कझी बस म्हणजे पन्नास तारांची चपटी पट्टी, तिच्यावर ओळीने लावलेली यंत्रे. यांतील अठरा तारा बोलणाऱ्या : आठ माहितीच्या, एक पॅरिटीची (तोच सातव्या पट्ट्याचा साक्षीदार), आणि नऊ नियंत्रणाच्या. उरलेल्या तारांपैकी बहुतेक केवळ जमिनीच्या, गोंगाट शोषून घेण्यासाठी. यंत्रे अनेक, तारा सामाईक. मग एका वेळी बोलायचे कोणी?

१२/
मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटतो तो हा भाग. प्रत्येक यंत्राला ० ते ७ यांपैकी एक क्रमांक दिलेला असतो. बस मोकळी झाली की ज्याला बोलायचे आहे ते यंत्र ‘बस व्यग्र’ ही तार ओढते आणि त्याच वेळी माहितीच्या आठ तारांपैकी आपल्या क्रमांकाची तार ओढते. मग सगळे त्या आठ तारांकडे पाहतात. आपल्यापेक्षा मोठ्या क्रमांकाची तार ओढलेली दिसली की लहान क्रमांकाचे यंत्र मुकाट्याने माघार घेते. वर कोणी पंच नाही. यंत्रे आठच का, याचे उत्तरही येथेच मिळते : तारा आठ म्हणून. संगणकाच्या कार्डाला ७ हा क्रमांक देण्याचा रिवाज पडला तो त्यामुळेच, त्याचा शब्द शेवटचा असावा म्हणून.

१३/
आता दोन यंत्रांना चुकून एकच क्रमांक दिला तर? दोघेही एकच तार ओढतात, दोघांनाही वाटते आपण जिंकलो. मग कधी दोन्ही यंत्रे संगणकाला दिसेनाशी होतात, कधी एकाच यंत्राची सात भुते दिसतात, कधी सर्व्हर सुरूच होत नाही. क्रमांक देण्याची पद्धत साधी होती. ड्राइव्हच्या मागे तीन टाचण्यांच्या जोड्या, त्यांचे मोल अनुक्रमे १, २ आणि ४. ज्यांवर इवलेसे प्लास्टिकचे जंपर बसवाल त्यांची बेरीज म्हणजे क्रमांक. एससीओ युनिक्सच्या जगात डिस्क ० वर, टेप २ वर आणि सीडी ५ वर अशी वहिवाट होती. म्हणजे टेपसाठी मधला एकच जंपर. तो निसटून पडला की टेपचा क्रमांक होई ०, आणि ० वर तर शाखेची सगळी खाती बसलेली असत.

१४/
दुसरा नियम टोकांचा. हौदाच्या पाण्यात खडा टाकला की लाट भिंतीवर आपटून परत येते. तारेतील विद्युत्स्पंदही असाच असतो. पट्टीचे टोक उघडे असेल तर तो तेथून परततो आणि मागून येणाऱ्या स्पंदात मिसळतो. वाचणाऱ्याला मग एकाच्या जागी दोन ठोके ऐकू येतात. म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावायचा. टर्मिनेटर म्हणजे रोधकांचा समूह : प्रत्येक तारेसाठी २२० ओहमचा एक रोधक पाच व्होल्टकडे आणि ३३० ओहमचा दुसरा जमिनीकडे. यामुळे विश्रांतीत प्रत्येक तार सुमारे तीन व्होल्टवर तरंगत राहते. ज्याला ‘१’ म्हणायचे आहे त्याने ती खाली ओढायची. म्हणूनच वर मी ‘तार ओढणे’ असे म्हणत आलो.

१५/
दोन्ही टोकांना, आणि केवळ टोकांनाच. सर्वांत जास्त गोंधळ याच ‘केवळ’मुळे होई. सर्व्हर आला तेव्हा पट्टीच्या टोकाला हार्ड डिस्क होती, तिच्यावर रोधक बसवलेले होते. पुढे टेप ड्राइव्ह आला आणि तो डिस्कच्या पलीकडे लागला. आता टोक टेपचे, पण डिस्कवरचे रोधक कोणी काढलेच नाहीत. मधोमध टर्मिनेटर असलेली अशी बस पुष्कळदा चालते, हेच तिचे दुर्दैव. छोट्या चाचणीत ती चालते. डिस्क आणि टेप दोन्ही जोरात धावू लागले की अडखळते. पट्टीची एकूण लांबी सहा मीटरपेक्षा जास्त नको, वेगवान प्रकारात तीनच मीटर. आणि पट्टीतून यंत्राकडे फुटणारा फाटा दहा सेंटिमीटरपेक्षा लांब नको. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात टेप ठेवायची हौस असेल तर ती येथेच संपते.

१६/
ही सामग्री मिळायची कोठे? मुंबईतील इलेक्ट्रॉनिक सामानाची पंढरी म्हणजे लॅमिंग्टन रोड, अर्थात डॉ. भडकमकर मार्ग. बदलापूर-अंबरनाथकडून मध्य रेल्वेने दादर, तेथे गाडी बदलून ग्रँट रोड. एका टर्मिनेटरसाठी अर्धा दिवस. उल्हासनगरच्या बाजारात काहीही बनते आणि कशाचीही नक्कल मिळते अशी जुनी थट्टा आहे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही ऐकला असेलच. विनोद बाजूला ठेवला तर त्यामागे हातात काही नसताना धंदा उभारणाऱ्या माणसांचे कसब होते. आणि त्या धंद्यांचे हिशेब याच शाखांच्या डिस्कवर होते.

१७/
तारा जोडून झाल्या की युनिक्सला सांगायचे असे की नवा पाहुणा आला आहे. एससीओ युनिक्सवर ‘एमकेडेव्ह टेप’ ही आज्ञा दिली की ती प्रश्न विचारी : कोणते कार्ड, कोणता क्रमांक? उत्तरे दिल्यावर प्रणालीचा गाभा पुन्हा जोडून घ्यायचा आणि संगणक बंद करून सुरू करायचा. बाहेर ठेवलेला टेप ड्राइव्ह आधी सुरू करायचा, सर्व्हर नंतर. उलट केले तर सर्व्हर हजेरी घेतो त्या क्षणी टेप झोपलेला असतो आणि दिवसभर ‘गैरहजर’ राहतो.

१८/
पुढची खोच फार सूक्ष्म आहे. एकाच टेप ड्राइव्हला युनिक्समध्ये दोन नावे असतात. एका नावाने लिहिले तर काम संपताच फीत आपोआप आरंभाला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने लिहिले तर ती जेथे थांबली तेथेच राहते. समजा, आधी ठेवखाती आणि मग कर्जखाती अशा दोन आज्ञा ओळीने द्यायच्या आहेत, आणि पहिली आज्ञा गुंडाळणाऱ्या नावाने दिली. दुसरी आज्ञा फितीच्या आरंभापासून लिहू लागते, अगदी ठेवखात्यांच्या वर. दोन्ही आज्ञा यशस्वी होतात, एकही चूक पडद्यावर येत नाही. फितीवर मात्र उरतात फक्त कर्जे.

१९/
आणि फीत कोणती? आरंभी थ्रीएम कंपनीने १९७२ साली काढलेल्या पाव इंची कार्ट्रिजची वंशावळ चालली. तिच्या एका लोकप्रिय पिढीत एका कार्ट्रिजवर १५० मेगाबाइट मावत. १९८९ साली सोनी आणि एचपी यांनी गाण्यांच्या डिजिटल टेपवरून डीडीएस हा प्रकार सिद्ध केला. पहिल्या धाग्यातली डबी ती हीच, आपल्याकडे सगळे तिला ‘डॅट’ म्हणत. फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद, पण पहिल्याच पिढीत १.३ गिगाबाइट. हे जमले कसे? तिचे वाचन-लेखनाचे डोके एका तिरक्या फिरत्या ढोलावर बसवलेले असते आणि ते फितीवर सरळ नव्हे, तिरप्या रेघा ओढते, व्हिडिओ कॅसेटप्रमाणे. हा तिरपेपणा लक्षात ठेवा, तो पुढे महागात पडणार आहे.

२०/
टेपला आणखी एक मानी स्वभाव आहे. ती धावत असताना माहिती अखंड हवी. संगणक मंदावला, पुढचा घास वेळेवर आला नाही, तर फीत एकदम थांबू शकत नाही. ती थोडी पुढे जाते, थांबते, मागे येते, पुन्हा धाव घेते. बूट पुसणाऱ्याच्या फडक्यासारखी ही पुढेमागे हालचाल फितीला आणि डोक्याला झिजवते, आणि अर्ध्या तासाचे काम तीन तासांवर नेते. ज्यांना ड्राइव्हच्या आवाजावरून बॅकअपची तब्येत कळे अशी माणसे त्या काळी खरोखर होती. सलग घरघर म्हणजे निश्चिंती. स्कझीने येथे एक शहाणपण दाखवले होते : टेपला फीत गुंडाळायला वेळ लागणार असेल तर ती बस सोडून देते, डिस्कला बोलू देते, आणि काम झाल्यावर स्वतःहून पुन्हा संगणकाला हाक मारते. नाहीतर एक फीत गुंडाळली जाईपर्यंत सगळी शाखा ताटकळली असती.

२१/
फितींचा फेरा घराण्यासारखा होता, नावही तसेच : आजोबा, वडील, मुलगा. सोमवार ते शनिवार सहा फिती, त्या दर आठवड्याला पुन्हा वापरायच्या. आठवड्याची फीत वेगळी, महिन्याची त्याहून वेगळी आणि ती पुसायची नाही. आजची चूक तीन दिवसांनी लक्षात आली तरी आधीच्या पिढीकडे जाता यावे, हा हेतू. नियम म्हणे की एक फीत दुसऱ्या इमारतीत ठेवा. सोय म्हणे की तिजोरीत ठेवा, ती सर्वांत सुरक्षित जागा आहे. चोरापासून ती सुरक्षित होती यात शंका नाही.

२२/
कोकणच्या हवेचेही येथे बोलले पाहिजे. फितीवरील चुंबकीय कण एका चिकट थरात रोवलेले असतात आणि तो थर दमटपणा शोषतो. ड्राइव्हच्या पत्रकात साधारण २० ते ८० टक्के आर्द्रता चालेल असे छापलेले असे. ते पत्रक लिहिणाऱ्याने उल्हास खोऱ्यातला जुलै पाहिलेला नव्हता. वातानुकूलन शाखा बंद होताच बंद होई आणि वीज तर भारनियमनाच्या मर्जीवर. बॅकअप चालू असताना वीज गेली आणि यूपीएसने मान टाकली, तर फितीवर ‘येथे समाप्त’ ही खूण उमटतच नसे. तशी फीत नंतर वाचायला घेतली की ती मध्येच अथांग होते.

२३/
२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यात केवळ ७३. मुंबईच्या आठवणींत या दिवशी मिठी नदी असते. पण उल्हास नदीनेही तेव्हाच पात्र सोडले होते. ती राजमाचीच्या डोंगरांकडून उतरते, कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणला येते. तिची लेक वालधुनी अंबरनाथच्या त्या शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ आईला मिळते. दोघी एकदम भरल्या. बदलापूर ते कल्याण सखल भागांतले तळमजले पाण्याखाली गेले. आणि दुकाने, दप्तरे, बँका बहुधा तळमजल्यावरच असतात.

२४/
पूर तिजोरीची किल्ली मागत नाही. सर्व्हर, टेप ड्राइव्ह आणि फिती एकाच छताखाली असतील तर मूळ आणि प्रत दोन्ही एकाच पाण्यात. गंमत अशी की भिजलेली फीत पुष्कळदा वाचवता येते. ती घाईने तापवून वाळवायची नाही. ओलीच ठेवून, स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन, सावकाश सुकवायची, हे जपणूकतज्ज्ञ सांगतात. पण वाचवलेली फीत वाचायची कशावर?

२५/
आता ते तिरपे डोके आठवा. ढोल वर्षानुवर्षे फिरून अगदी किंचित कलतो. कललेल्या डोक्याने लिहिलेल्या रेघा कललेल्या डोक्याला बिनचूक वाचता येतात, म्हणून शाखेतील प्रत्येक तपासणी उत्तीर्ण होते. तीच फीत शेजारच्या शाखेतील धडधाकट ड्राइव्हमध्ये घातली की तिला काहीच सापडत नाही. म्हणजे रोज घेतलेल्या, नावे घालून ओळीने ठेवलेल्या त्या प्रती त्या एका यंत्राच्या आयुष्याला बांधलेल्या असत. यंत्र पाण्यात गेले की सुक्या राहिलेल्या फितीही मुक्या. लिहिताना वापरलेला ठोकळ्याचा आकार कोणी टिपून ठेवला नसेल तर आणखी एक कुलूप. यावर उपाय एकच होता : महिन्यातून एकदा आपली फीत परक्या यंत्रावर वाचून पाहणे. माझ्या मते शाखा-संगणकाच्या त्या सगळ्या युगात सर्वांत कमी पाळला गेलेला नियम हाच असावा, कारण तो मोडल्याची शिक्षा लगेच होत नसे.

२६/
२००५चा पूर आला तेव्हा शाखांतील सर्व्हर तसेही उठू लागले होते. कोअर बँकिंगमुळे खाती एका मध्यवर्ती केंद्रात जात होती. स्टेट बँकेचे केंद्र नवी मुंबईत बेलापूरला उभे राहिले. मग शाखेत उरली फक्त टर्मिनले आणि एक तार. आजच्या उल्हासनगरच्या शाखेत पाणी शिरले तर खुर्च्या भिजतात, खाती भिजत नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. नदी तीच होती आणि महिनाही तोच. त्या गाडीतील कोणाच्या बँकखात्याची काळजी कोणाला करावी लागली नाही.

२७/
टेप मात्र मेली नाही. ती शाखेतून केंद्रात गेली. २००० साली एचपी, आयबीएम आणि सीगेट यांच्या एलटीओ टेपची पहिली पिढी आली, एका कार्ट्रिजवर १०० गिगाबाइट. २०२१च्या नवव्या पिढीत ते १८ टेराबाइट झाले. यंत्रमानवाचे हात या कार्ट्रिजा मांडणीतून उचलतात. युरोपातील सर्न प्रयोगशाळा आपले प्रयोग आजही टेपवरच साठवते. या फितीवर रेघा सरळ आहेत, तिरप्या नाहीत.

२८/
पन्नास तारांची ती पट्टीही गेली. आता टर्मिनेटर कोणाला लागत नाही आणि जंपर कोणाच्या बोटांतून निसटत नाही. पण बाउचर यांच्या पथकाने घातलेली बोलण्याची रीत, ‘अमुक क्रमांकाचा ठोकळा दे’, ती टिकली आहे. तुम्ही संगणकाला पेन ड्राइव्ह लावता तेव्हा यूएसबीच्या तारेतून स्कझीच्याच आज्ञा जातात. लिनक्स वापरत असाल तर पेन ड्राइव्ह लावून त्याला मिळालेले नाव पाहा. ते ‘एसडी’ने सुरू होते, आणि त्यातला ‘एस’ स्कझीचा आहे.